पातेल्याची साडी

बुधवारी उन्हं तापायच्या आत
मी जुन्या बाजारात पोचते.
गंजक्या नळांच्या, मुकाट पंख्यांच्या पलीकडे
रूखीबेन ताडपत्रीवर कपड्यांचा ढीग ओतून बसलेली.
बाकीचे दिवस ती पाटीत भांडी घेऊन गल्ल्या फिरते,
बुधवारी त्या भांड्यांचे झालेले कपडे विकते.
ती म्हणते, माल.
मी मनात म्हणते, खजिना.
मोठ्यानं म्हटलं की भाव वाढतो.

आज सापडलं ते असं:
इरकलीचा काठ, नुसता काठ, अंग कधीच विरलेलं.
बँडवाल्याचा लाल कोट,
एका खांद्यावर सोनेरी झालर, दुसऱ्यावर उसवलेले टाके.
एकाच बाहीचा स्वेटर.
विणणारीचा हात कुठे थांबला, ते बोटाला कळतं,
का थांबला, ते नाही.
आणि तळाशी एक हिरवी साडी, पिवळ्या कोयऱ्यांची.

घरी दोनदा उकळते, गॅलरीभर वाळत घालते.
खालचे केतकर मान वर करून विचारतात,
"किती दिवस आहेत पाहुणे?"
"शनिवारपर्यंत," मी सांगते.

शनिवारी कासेवाडीतल्या शाळेचा हॉल.
सतरा मुलं, नऊ कात्र्या,
त्यातल्या दोनच खरं म्हणजे कापतात.
नियम एकच: आधी डोळे मिटून हात लावायचा.
"हे मांजराच्या जिभेसारखं."
"हे आमच्या सरांच्या दाढीसारखं."
"तू कधी लावलास हात सरांच्या दाढीला?"
झैनबनं कोटाची झालर उचलली
आणि कोणाला काही न विचारता
तिच्या कोंबड्याला शेपूट आलं.
मल्हारीनं बाहीला डोळे लावले, अजगर म्हणाला,
मग दिवसभर तो हातातून काढेचना,
डबासुद्धा अजगरानंच खाल्ला.

दीपंकर मात्र हिरवी साडी धरून उभा.
"ही आमची आहे."
कोणी हसलं नाही.
"हे बघा, इथं स्टोव्हची ठिणगी पडली होती."
पदराजवळ खरंच एक भोक, चार आण्याएवढं,
कडा तपकिरी, करपलेल्या.
मी घड्या घालायला लागले.
घशाशी काहीतरी आलं होतं,
आपण फार चांगल्या आहोत असं वाटायच्या बेतात होते.
"घरी घेऊन जा," म्हटलं, "आईला दे."
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जशी मी वजनात काटा मारत होते.
"असं कसं? तिच्या बदल्यात पातेलं घेतलंय ना आम्ही.
मोठं. झाकणासकट."

मग ती अडणारी कात्री घेऊन
तो जमिनीवर बसला आणि कापत राहिला, जीभ बाहेर काढून.
गोल बुडाचं काहीतरी झालं.
वर चपटं झाकण, थोडं कललेलं.
कोयऱ्या उलट्यासुलट्या, त्याला फिकीर नव्हती.
भोक मात्र मोजून काठाखाली आणलं
आणि मागून पांढऱ्या बनियनचा तुकडा चिकटवला.
"हे काय?"
"दूध," तो म्हणाला. "वर येतंय. दिसत नाही का?"
दिसलं.
फेविकॉल वाळेपर्यंत तो त्यावर फुंकर घालत होता,
वाळावं म्हणून, का उतू जाऊ नये म्हणून,
मी विचारलं नाही.

पुढच्या बुधवारी रूखीबेनला सगळं सांगितलं.
तिनं ऐकलं, ऐकता ऐकता दोन गिऱ्हाइकं केली.
"हिरवी? कोयऱ्यांची?
आठवते ना ती बाई.
दोन साड्या, एक पँट, आणि वर झाकण पाहिजे म्हणे!
अर्धा तास भांडली माझ्याशी जिन्यात.
शेवटी दिलं."
मग ढिगातून एक मखमली ब्लाउज ओढून माझ्यासमोर टाकला,
जांभळा, बगलेत फाटका, बाकी राणीचा.
"वीस."
मी पंधराच दिले.