धवलारीण, पातळी तीन

घणसोलीत, सोसायटीच्या ऑफिसात,
थकबाकीदारांच्या यादीखाली
आम्ही शनिवारी रात्री राक्षस मारतो.
टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली जुना ऑडिट रिपोर्ट.
सुहैल जग चालवतो,
एरवी कोपरखैरण्यात मोबाइलच्या काचा बदलतो.
निनादकडे आगीचे गोळे,
शर्वाणीकडे देव आणि मलमपट्टी,
माझ्याकडे कुऱ्हाड.
कुऱ्हाडीचं बरं असतं,
ती काय कामाची हे कुणाला समजवावं लागत नाही.

दर्शना मढवी उशिरा आली आणि म्हणाली, मी भाट घेते.
आम्ही हसलो.
भाटगिरी ऑफिसात कमी बघतो का,
म्हणून इथेही?
निनादने हिशेबच मांडला:
एका फेरीत माझा मार इतका, ह्याचा इतका,
भाटाचा, हे बघ, निम्म्यालाही येत नाही.

ती म्हणाली, माझी आत्या धवलारीण आहे.
इथेच, गावठाणात, तुमच्या टॉवरच्या मागे.
भटजी उशिरा आला तर चालतं,
बेंजोवाला पिऊन आला तरी चालतं,
पण आत्या धवले म्हणायला बसत नाही
तोवर हळद कुणी कालवत नाही.
काढ आता तिचा मार, फेरीला किती.

मग कागदावरचं भाट खोडून तिने लिहिलं
धवलारीण, पातळी तीन.
सुहैलने नियम चाळले.
असं काही सापडलं नाही,
नको म्हणण्यासारखंही सापडलं नाही.

खोटं कशाला बोलू, तिने आम्हाला गोत्यातही आणलं.
दबक्या पावलांनी शिरायचं तिथे ही सूर लावून बसली,
अख्खा किल्ला उठला.
एकदा पहारेकऱ्याला थाप मारताना फाशावर एक पडला
आणि तीन शनिवार आम्ही तुरुंगात काढले,
उंदरांशी बोलत.

पण खाडीवरच्या पुलावर, तो दगडी जकातदार समोर,
निनाद बेशुद्ध, शर्वाणीचा देव संपलेला,
मला अठरा हवे होते
आणि सगळं मिळून चौदा आले.
तिने पिवळा सहापैलू फासा
बोटाने माझ्याकडे सरकवला.
घे, म्हणाली. माझ्याकडून.
चार पडले.
तो घाव मी अजून माझाच म्हणून सांगतो.

आणि परवाची गोष्ट.
पाचव्या पातळीचे, सोन्याने जड झालेले आम्ही
पहिल्या गावात परत आलो.
विहिरीपाशी एक बाई. सुहैल तिच्या आवाजात म्हणाला,
माझा घरवाला तुमचं ओझं घेऊन गेला होता,
तो कुठे राहिला?

आम्ही आपापले कागद बघितले.
मशाली नऊ. दोर पन्नास हात.
(दोर त्याचाच होता, हे मला आठवलं. बोललो नाही.)
ओझेवाल्यासाठी कुठल्याच कागदावर रकाना नव्हता.

दर्शनाने वही उलटी, मागच्या पानांकडून उघडली.
धाकल्या तांडेल, तिने वाचलं.
दोन नाणी रोज.
तिखट चालायचं नाही. बोगद्यात सगळ्यात शेवटी चालायचा
आणि मागे कुणी नाही ना, म्हणून मोठ्याने खाकरायचा.
दार कोसळलं तेव्हा तो दार धरून होता.
मग तिने वही मिटली
आणि पुढचं न बघता म्हटलं, खालच्या आवाजात,
आत्या म्हणत असेल त्या चालीत.

सुहैलने फासा टाकायला सांगितलं नाही.
पंखा तेवढा करकरत होता.
निनाद चष्मा पुसत बसला, बराच वेळ.

साडेअकराला वॉचमनने दार वाजवलं,
सेक्रेटरी ओरडतात म्हणाला, लाइट घालवा.
खुर्च्या रचल्या, चहाचे कप गोळा केले.

तो पिवळा फासा मी दर्शनाला परत केला नाही.
सोमवारी महाप्याला माझं अप्रेझल आहे.
पँटच्या खिशात असू दे.