निर्धारणाची चिठ्ठी

मे महिना. चोपडा. कॉलेजला सुट्टी.
वनस्पतिशास्त्राच्या मागच्या खोलीत
कूलर पाण्यावाचून नुसता ऊन वारा ढकलतो
आणि निंबा बडगुजर मैद्याची खळ शिजवतो,
चिमूटभर मोरचूद घालून, किडीसाठी.

चौदाव्या कपाटात, तळाशी, सापडला हा कागद.
कधीतरी कुठल्याशा संस्थेने
आपल्या सातपुड्यातल्या सालईच्या बदल्यात पाठवलेला.
लेबलाचा निम्मा भाग कसरीने खाल्ला.
उरलंय एवढंच :
‘...बेट. उंची चार हजार फूट. धुकं.’
बेटाचं नाव किडीच्या पोटात.

निंबा चष्मा कपाळावर सारून वाकतो.
“मॅडम, हाई त दोन झाडं शेतस.”

खरंच तसं दिसतं. एकाच डहाळीवर
खालच्या अंगाला बाभळीची असते तशी
बारीक पिसांची दुहेरी पानं,
आणि वर कोयत्याच्या पात्यासारखं
लांब, वाकडं, जाड –
नाही निंबा, ते पान नव्हे.
पान गळून गेलं.
हा देठ आहे.
देठच चपटा झाला, रुंद झाला,
अंगावर उभ्या शिरा काढल्या
आणि पानाचं काम करू लागला.
ही मधली बघ, हिचं अजून ठरत नाही :
खाली पातं, टोकाला पिसं.

निंबा काही बोलत नाही.
थोरला भाऊ गेल्यापासून
त्याची गिरणी आणि त्याची दोन पोरं
हाच सांभाळतो.
हे मला आत्ताच का आठवावं.

खाली चिठ्ठी. निळी शाई, तिरकं अक्षर :
‘अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस.
निर्धारण : कु. कुमुदिनी झोपे, एम.एस्सी. भाग दोन.’
मीच ती.
शिरपूर रस्त्याला सामाजिक वनीकरणाने लावलेली
तेवढी एक पाहिली होती;
कोयता दिसला की तीच, असं वय होतं.
शेंग उघडलीच नव्हती.
त्या झाडाची शेंग कानासारखी मुरडते,
बीला नारिंगी दोरा लोंबतो.
ही सरळ, सपाट, नाडीसारखी. दोऱ्याचा पत्ता नाही.

मग ही कोण?
पुस्तक दोन नावं पुढे करतं :
हवाईची कोआ,
रेयुनियनची हेटरोफायला, म्हणजे भिन्नपर्णी.
मधे अठरा हजार किलोमीटर,
तरी नाकीडोळी एक.
जनुकं वाचणारे म्हणतात, दुसरी पहिलीच्याच पोटची.
बी कसं गेलं?
समुद्रपक्ष्याने नेलं असेल, म्हणतात.
कुणी पाहिलेलं नाही.

खिडकीबाहेर, सायकल स्टँडपाशी, आपली बाभूळ.
तिचं तर आणखीच.
व्हिएन्नात सभा भरली, मतं मोजली,
अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाकडच्या गोतावळ्याकडे राहिलं;
हिला आता वाचेलिया म्हणायचं.
काट्यावरून पडलेलं नाव
बहुतेक बिनकाट्याच्यांच्या घरी गेलं.
“बकरीले सांगं का कोन्ही?” निंबा विचारतो.

आमच्याकडे नियम आहे :
जुनी चिठ्ठी फाडायची नाही, खोडायची नाही.
नवी तिच्या खाली डकवायची, तारीख घालून.
लिहिते :
‘कोआ किंवा हेटरोफायला. बेट अज्ञात.
निर्धारण : कुमुदिनी भोळे.’
पेन थांबतं.
सव्वीस वर्षं हीच सही, बँकेत, पगारपत्रकावर.
पण चूक करणारी झोपे होती
आणि शेंग उघडणाराही हात तोच.
दोन चिठ्ठ्या. वाचणारा समजेल दोन बाया.
समजू दे.

निंबा बोटाने खळ लावतो,
कडांना जास्त, मधे कमी,
आणि तळहाताने दाबून धरतो.
तेवढ्यात शेंगेतलं एक बी टेबलावर घरंगळतं,
काळसर, चकचकीत.
तो उचलतो. उजेडात धरतो.
“उगी का?”

इतक्या वर्षांनी? मी म्हणते,
उकळतं पाणी ओतलं तर, कदाचित.

निंबा खळीच्या पातेल्याकडे बघतो,
मग माझ्याकडे.