दोसिंदा, वय अठ्ठ्याहत्तर

कॉरिडॉरमध्ये दोन नारिंगी शंकू, मध्ये वीस मीटर.
दहा फेऱ्या, न थांबता, मी सांगितलं,
पण धावायचं नाही.
"धावतंय कोण," म्हणाली दोसिंदा, आणि निघाली.

खिडकीकडच्या शंकूपाशी ती सरळ वळायचीच नाही.
दोन पावलं उलटी मागे यायची, मग कड घ्यायची.
खिडकीत आ कोरुन्याचा समुद्र होता
आणि चाळीस वर्षं खडकांवरून पेर्सेबेस खरवडणारी बाई
समुद्राला पाठ दाखवत नाही.
दर फेरीला दोन सेकंद गेले.
माझ्या तक्त्यात त्यांना रकाना नाही.

मग मांडीत सुई.
निघालं ते तांदळाच्या दाण्याएवढं, फिकट गुलाबी, ओलं.
चिमट्याच्या टोकानं मी त्याचे तंतू सुटे केले
आणि सदतीस अंशांवर, नळीत, सोडले.

"जिवंत आहे?"
आहे. अजून दोन-तीन तास.
आत तुमच्या तंतुकणिका आहेत, हजारांनी,
प्राणवायू घेतायत, ऊर्जा घडवतायत;
आपण आता मांडीत नाही
हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

मी एक थेंब टाकला. पडद्यावरची रेघ
झपकन उतरली, म्हणजे खाल्लं त्यांनी.
वयाच्या मानानं छान, मी म्हटलं.
"कुणाच्या वयाच्या?"

तिचं काम संपलं होतं. पट्टी लावून झाली,
कॉफी पिऊन झाली, टॅक्सी खाली उभी.
ती स्टूल ओढून यंत्राशेजारी बसली.
अमारो अतिदक्षता विभागात होता तेव्हा
रात्री आठला मला घरी पाठवलं, म्हणाली.
नियम होता.
पुढे काही बोलली नाही.

तर आम्ही बसलो.
शेवटचा थेंब विषाचा असतो.
श्वास पुरता थांबवून बघावा लागतो,
त्याशिवाय आधीचे आकडे खरे धरत नाहीत.
तो थेंब माझ्या हातात अकरा मिनिटं राहिला.
"टाक," ती म्हणाली.

रेघ आडवी झाली.

तिनं वाकून बूट चढवला, नाडी स्वतः बांधली.
लिफ्ट उजवीकडे, मी म्हटलं.
ती डावीकडे गेली, जिन्यानं, चार मजले,
जराशी लंगडत;
आणि प्रत्येक मजल्यावर, खिडकी आली की,
पावलांचा आवाज
दोन पावलं मागे यायचा.