वीस दिवस राखीव

भोसरीतल्या आमच्या शेडसाठी
'मारुती स्प्रिंग' टाकलं. नामंजूर.
अनेकवचन केलं, मधली जागा गाळली.
सीएस घळसासीबाई म्हणाल्या,
"शेपूट लावून नाव वेगळं होत नाही."

परतताना गाडी मुद्दाम पेठांतून घातली.
पत्र्या, जिलब्या, डुल्या, उंटाड्या.
देव एकच, आणि एकाचंही नाव
कुणी साधर्म्य म्हणून परत पाठवलेलं नाही.

रात्री शितोळेला फोन:
आपल्याकडे दुसऱ्या कुणाकडे नाही
असं काय आहे रे?

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाला,
"तिसरं मशीन. दर चाळीस स्प्रिंगांनंतर
उचकी देतं."

उचक्या स्प्रिंग प्रायव्हेट लिमिटेड.
मंजूर.

बँकेतला माणूस दोनदा स्पेलिंग विचारतो.
शितोळे सांगतो, आणि वर हेही, की
उचकी लागते म्हणजे
कुणीतरी आठवण काढतंय,
बहुतेक तुम्हीच, हप्त्याच्या तारखेला.