पाण्याला हाड

पुडीवर चिनी अक्षरं, आत तिळाहून बारीक बी.
अंजिराच्या वेलीचं, कायतान म्हणाला,
काओशुंगच्या बंदरावर एक म्हातारी विकायची याचं थंडगार,
आमची बोट नऊ दिवस अडकली,
नऊही दिवस मी तेवढंच खाल्लं.
सत्तावीस वर्षं बोटीच्या भटारखान्यात काढून
माणूस दुखरे गुडघे घेऊन वेळसांवला परतला
आणि ट्रंकेत हे.

विस्तव नको. साखर आधी नको.
हाताला तेलाचा वाससुद्धा नको.
मी खोबरेलाचे केस पदराखाली बांधले,
राखेने हात घासले, नखांतूनही.
मलमलीच्या पुरचुंडीत बी, गार पाण्यात चोळायचं,
चोळत राहायचं.
पुरचुंडी बुळबुळीत होते,
हातात जिवंत वाम धरल्यासारखी.
पाणी पिवळसर झालं. अर्धा तास गेला. तास गेला.
पाणी ते पाणीच, उगाच मळलेलं.

"बी म्हातारं झालं," पिएदाद म्हणाली,
"तुझ्यासारखं."

दुसऱ्या दिवशी त्यालाच आठवलं:
ती म्हातारी नळाला हात लावत नसे,
डोंगरातलं पाणी डब्याने आणायची.
आणि माझं पाणी मुलाने बसवलेल्या मशीनचं,
गाळून गाळून इतकं निर्मळ
की हाताला हात धरायला त्यात कोणी उरलंच नव्हतं.
मग आम्ही गेलो दोन घरांमधल्या विहिरीवर,
जिच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही,
जी हंड्याला आतून पांढरा थर चढवते,
जिला मी लग्न होऊन आल्यापासून नावं ठेवली.
तिचं पाणी
वीस मिनिटांत बसलं.

सुरी घातली तर कडा धरून उभं,
ताटली उचलली तर सगळं अंग थरथरतं.
वर लिंबू, माडाच्या गुळाचा पाक.

एकादशी होती. उपासाला चालेल का रे, मी विचारलं.
शिजवलेलं नाही, धान्य नाही, फळाचंच बी, तो म्हणाला.
आणि मग, त्याला खोटं पचत नाही म्हणून,
प्रत्येक फळात एक माशी शिरते, म्हणाला,
सुईएवढी. दार इतकं अरुंद
की पंख बाहेरच तुटतात.
ती परत येत नाही.
तेव्हा कुठे बी धरतं.

पाक ताटलीभर पसरत गेला.
समोर समुद्रात दोन बोटी, धक्का मिळेपर्यंत उभ्या.
पिएदादचा चमचा थांबला नाही.
"नऊ दिवस," ती म्हणाली,
"आणि ती म्हातारी, नेमकी किती म्हातारी होती?"

मी खाल्लं. चव म्हणावी तर नाहीच,
लिंबाची आहे, गुळाची आहे,
त्याची स्वतःची म्हणजे फक्त गारवा
आणि जिभेवरून निसटण्याची घाई.

सकाळी उरलेलं बघितलं,
वाडग्यात निम्मं पुन्हा पाणी झालेलं.
ओतून टाकायला मागच्या दारी गेले
तर पिएदाद कुंपणापाशी पेला घेऊन उभी.