ठिपक्यांची रेघ

दुलमसुरेन बाई फळ्यावर काही काढण्याआधी
खडू दोन बोटांत धरून थोडा वेळ गप्प राहत.
मग ठिपक्याठिपक्यांची एक वाटोळी रेघ.
एवढी आपली प्रणाली, म्हणत.
रेघेबाहेर उरलं ते सगळं जग: परिसर.
रेघ कुठं काढायची ते तुमचं तुम्ही ठरवा,
पण एकदा काढलीत की गणित सुटेस्तोवर हलवायची नाही.

उलानबाटर, जानेवारी, खिडकीबाहेर उणे एकतीस.
रेडिएटरला पाठ टेकून आम्ही सात जण
आणि मी मनातल्या मनात आमच्या गेरभोवती रेघ काढून पाहिली.
लाकडी सांगाडा, त्यावर लोकरीच्या नमद्याचे दोन थर,
मधोमध लोखंडी चूल, माथ्यातून वर गेलेलं धुराडं.
कोळसा आत, धूर बाहेर.
म्हणजे खुली प्रणाली.
मला हसू आलं.
आमच्याकडं तर शेजारचा बातबिलेगही दार ढकलून आत येतो,
आणि जातो तेव्हा
आला त्याहून वाडगाभर चहानं जड असतो.

अवस्था म्हणजे आत्ता कसं आहे, एवढंच.
दाब, तापमान, आकारमान.
इथवर कसे आलात ते तिला विचारू नका, तिला आठवत नाही.
वाट आठवते ती कार्याला आणि उष्णतेला.
हे मला वहीत उतरवावं लागलं नाही.
खालच्या पाणीघरापासून टेकडीवरच्या आमच्या दारापर्यंत
उंचीतला फरक कुठूनही या, तेवढाच.
पण वडील पाण्याचे कॅन ढकलगाडीत घालून
लांबच्या वाटेनं आणत, चढ सोसवतो म्हणून,
आणि दोन वाटांतला फरक
त्यांच्या गुडघ्यांना दशांशापर्यंत ठाऊक होता.

चाचणीत प्रश्न आला:
तापलेल्या लोखंडी ठोकळ्यात उष्णता किती?
मी आकडेमोड केली, एककासकट उत्तर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.
बाईंनी लाल शाईत भलामोठा भोपळा दिला.
उष्णता कशातच नसते, म्हणाल्या.
आत असते ती अंतर्गत ऊर्जा.
उष्णता फक्त जात असते, गरमाकडून गाराकडं.
सीमा ओलांडतानाच तेवढं तिला ते नाव,
पलीकडं पोचली की नाव पुसलं.
थांबलेला वारा आणून दाखव, मार्क देते.

वडील शाळेच्या बॉयलरवर कोळसा लोटत, एकोणतीस हिवाळे.
घरी येत तेव्हा पापण्यासुद्धा काळ्या.
एन्ट्रॉपी शिकले त्या आठवड्यात त्यांना सांगितलं की
सगळी उष्णता कामाला लावता येत नाही,
काही वाया जातेच.
ते म्हणाले, हे सांगायला पुस्तक लागतं?

फेब्रुवारीत, नव्या वर्षाच्या नऊ दिवस आधी, पहाटे ते गेले.
मी बाहेरून कोळशाची बादली घेऊन आले तेव्हा
आई म्हणाली, हात बघ, अजून ऊब आहे त्यांच्यात.
मी आईला दुरुस्त केलं नाही.
हात हातात घेतला. माझा थंडगार होता,
म्हणजे येत होती ती माझ्याकडं येत होती.
मी मोजलं नाही.
बऱ्याच वेळानं कुणाचा हात कुठला ते बोटांना कळेना.
समतोल.
पुस्तकात हा शब्द किती शांत दिसतो.

पुस्तकात एक भिंतही असते, अ‍ॅडिअ‍ॅबॅटिक,
जिच्यातून काही म्हणजे काही जात नाही.
बाई म्हणाल्या होत्या, ती बाजारात मिळत नाही,
फक्त गणितात मिळते.

पुढच्या ऑक्टोबरात आम्ही नमद्याचा तिसरा थर चढवला.
बातबिलेगनं वरून दोर ताणला,
मी खालून गाठी मारत गेले.
आईनं विचारलं, आता तर ऊब बाहेर जाणार नाही ना?

जाईल, म्हटलं.
सावकाश जाईल.