चौथ्या दिवसाचा आकडा

पहाटे चारला मिरजेत
जंक्शनचा भोंगा सोडला तर
जागं असतं ते माझं सेंट्रिफ्यूज.
आणि मी. आणि कँटीनमागचं मांजर.

खाट अकरा.
आदगोंडा मगदूम, वय एकसष्ट,
सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे तोलाईदार.
आतड्याचा वीतभर तुकडा काढून
दोन टोकं एकमेकांना शिवली, त्याला आज चौथा दिवस.
हे सगळं कागदावरून.
मला माणसं पिवळ्या टोपणाच्या नळीतून भेटतात,
तीन मिलिलिटर, अजून कोमट.

रक्त गोठायला अर्धा तास द्यावा लागतो.
दह्याला घाई चालत नाही तशी इथंही नाही.
मग फिरवायचं.
लाल खाली बसतं, वर उरतं
राजापुरी हळदीचे हात धुतलेलं पाणी.

सीआरपी म्हणजे काय गं, आईनं एकदा विचारलं.
म्हटलं, गावात भांडण पेटलं की
तुझ्या पिठाच्या गिरणीत आधी कळतं ना,
पोलीसपाटलाच्याही आधी?
यकृत तसंच. त्याला सगळं ऐकू येतं.
पण कापलं, शिवलं की आवाज होणारच.
पहिल्या दिवशी अठ्ठ्याण्णव,
दुसऱ्या दिवशी एकशे बहात्तर,
ती सुरीची स्वतःची हुज्जत.
त्यानंतर मात्र उतरायला हवं.

तिसऱ्या दिवशी एकशे पासष्ट.
आज दोनशे एकवीस.

आधी मशीनवरच संशय घेतला.
कंट्रोल लावला, तो जागच्या जागी.
नळीवरचं नाव बोट ठेवून वाचलं.
पुन्हा लावलं. दोनशे एकोणीस.

वॉर्डमध्ये एस्तेर सिस्टर होत्या.
"ताप नाही. पोट मऊ आहे.
नाडी जरा पळते, पण रात्री मुलाला विचारत होते,
सौद्यात हळद काय भावानं निघाली म्हणून."

म्हणजे माणूस बरा
आणि आकडा बरा नाही.

दोन वर्षांमागे
कवठेमहांकाळची सुगंधा, वय सत्तावीस.
असाच चौथा दिवस, असाच चढलेला आकडा.
मी छापला, खाली लाल रेघ मारली,
ट्रेमध्ये ठेवला. नियमात तेवढंच होतं.
ट्रे साडेनऊला उचलतात.
तोवर तो कागद पालथा पडून होता
आणि मी सहाच्या एसटीनं घरी जाऊन
पोहे खाऊन झोपले होते.
पुढचं मला कुणी सांगितलं नाही.
त्या खाटेवरून नळ्या यायच्या थांबल्या,
इतकंच.

डॉक्टर शिरगुप्पे सातव्या रिंगला उठले.
बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग, "काल किती होता?"
मग चप्पल सापडत नसल्याचा आवाज.

सहाला सीटी.
टाक्यांशेजारी सुपारीएवढा पू,
नुकता जमू लागलेला.
पोटाला अजून पत्ताच नव्हता.
बारीक नळी घातली, अँटिबायोटिक बदललं,
आणि मी पहिल्यांदाच
ड्युटी संपल्यावर जिना उतरायच्या ऐवजी चढले.

ते जागे होते. तळहाताच्या रेघांत हळद तशीच,
थिएटरआधी तीनदा धुऊनसुद्धा.
मी लॅबमधली म्हटल्यावर भडकलेच.
"रोज किती काढता रक्त?
एकदाच पोतं भरून न्या की!"
मला काही सुचेना.
त्यांच्या मुलानं उगाच केळं पुढं केलं. घेतलं.

पाचव्या दिवशी दोनशे तीन.
सहाव्या दिवशी मीच नळीची वाट बघत
दारात उभी. एकशे अठ्ठावीस.
लगेच वर फोन लावला.
एस्तेर सिस्टर वैतागल्या.
"अगं, उतरलेला आकडा सांगायला
पहाटे साडेचारला कोण फोन करतं?"